रजेच्या मापाने बेतलेली खिंड : हिमालयात ट्रेक नेणाऱ्या आयोजकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील गिर्यारोहण संस्था, ट्रेकिंग क्लब आणि हिमालयातील पदभ्रमण मोहिमांचे आयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

हिमाचल प्रदेशातील पिन पार्वती खिंडीच्या ट्रेकचे वेळापत्रक आखडत चालले आहे आणि त्यामागे डोंगराचे एकही कारण नाही. कारणे आहेत ती रजेची, रेल्वेच्या आरक्षणाची आणि शुल्काच्या आकड्याची. हंगामाआधी आपल्याकडे ज्या जाहिराती मोबाइलवर फिरतात, त्यांतल्या काहींमध्ये या खिंडीसाठी दिलेले दिवस पाहिले की काळजी वाटते, म्हणून हे पत्र. त्याचा रोख कोणा एका संस्थेवर नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी तरुणांना हिमालयाची पहिली वाट आपणच दाखवली आहे, आणि तो अनुभव गाठीशी असलेल्यांकडूनच ही चूक दुरुस्त होईल असे मला वाटते.

पत्र खुले असल्याने ही वाट न पाहिलेल्या वाचकांसाठी ती आधी सांगतो. कुलू जिल्ह्यातल्या पार्वती खोऱ्यात, सुमारे २,२०० मीटरवरच्या बरशैणीपासून चालायला सुरुवात होते. पहिला मुक्काम बहुधा खीरगंगेला, जवळपास २,९५० मीटरवर, गरम पाण्याच्या कुंडापाशी पडतो. तिथवर वाटेत चहा-मॅगी मिळते आणि गर्दीही असते. पुढे मात्र माणसांचा राबता झपाट्याने कमी होतो. टुंडा भुज (३,३०० मीटरच्या आसपास), ठाकुर कुआँ (साधारण ३,५०० मीटर) आणि ओडी थाच (३,७०० मीटरच्या वर) ही मेंढपाळांच्या वाटेवरची कुरणे. मध्ये पांडुपुल लागतो. पार्वतीच्या घळीवर आडव्या पडलेल्या प्रचंड धोंड्यांवरून इथे पलीकडे जावे लागते. हे धोंडे पांडवांनी टाकले असे खोऱ्यातले लोक सांगतात, आणि पावसात त्या गुळगुळीत दगडावर बूट ठरत नाही असे आपण सांगतो. मग दरी रुंद होते, झाडी केव्हाच मागे पडलेली असते, आणि दगडगोट्यांतून, नदीच्या फाट्यांतून वाट काढत आपण सुमारे ४,१०० मीटरवरच्या मानतलाई सरोवरापाशी येतो. त्यापुढे मोरेनचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा ढिगारा, हिमनदी, तिच्या कडेला एक मुक्काम आणि ५,३१९ मीटर उंचीची खिंड. खिंडीच्या पलीकडे स्पितीतले पिन खोरे आहे, पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान आहे, आणि आणखी काही दिवसांच्या चालीनंतर मुद हे पहिले गाव. एकूण अंतर शंभर किलोमीटरच्या वर जाते. १८८४ मध्ये लुई डेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने स्पितीकडे जाणारी पर्यायी वाट शोधताना ही खिंड ओलांडली, तेव्हा त्याला निदान परतीच्या गाडीची घाई नव्हती.

आता या मुक्कामांच्या उंचीची वजाबाकी करून पाहू. उंचीवरच्या आजारांविषयी वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य संकेत असा आहे की, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून अधिक उंच नसावी आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. खीरगंगा, टुंडा भुज, ठाकुर कुआँ, ओडी थाच, मानतलाई असे सगळे मुक्काम घेतले तर मानतलाईपर्यंतचा हिशेब या संकेतात बसतो. ही कुरणे कोणी उंची मोजून निवडलेली नाहीत, मेंढ्यांच्या चालीने ती ठरली आहेत, आणि मेंढ्यांची चाल आपल्या फुप्फुसांना मानवणारी निघाली हे आपले नशीब. मानतलाईनंतरचा हिमनदीकाठचा मुक्काम मात्र ४,८०० ते ४,९०० मीटरच्या घरात असतो, म्हणजे एका रात्रीत सातशे-आठशे मीटरची उडी. ती उडी टाळता येईल अशी मुक्कामाची चांगली जागा मध्ये सहसा मिळत नाही, म्हणूनच मानतलाईला एक जास्तीची रात्र काढणे हा चैनीचा भाग ठरत नाही. सगळ्या ट्रेकचे गणित त्या एका रात्रीवर उभे आहे.

आखडलेल्या वेळापत्रकात सर्वांत आधी नेमकी तीच रात्र जाते. मग टुंडा भुज गळतो, मग ओडी थाच. उरते ते असे: पहिली रात्र २,९५० मीटरवर, दुसरी ३,५०० वर, तिसरी ४,१०० वर, चौथी ४,९०० च्या आसपास, आणि पाचव्या दिवशी पहाटे अंधारात खिंडीकडे कूच. खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. हवेतले प्राणवायूचे प्रमाण तेवढेच राहते, पण प्रत्येक श्वासात शरीराला मिळतो तो जवळपास निम्मा. शरीर यावर उपाय करते: श्वास वाढतो, त्यामुळे रक्ताची बिघडलेली आम्लता मूत्रपिंडे हळूहळू जागेवर आणतात, आणि मग श्वास आणखी वाढू शकतो. या कामाला दिवस लागतात. चांगला बूट, महागडे जाकीट किंवा लीडरचा उत्साह यांनी ते तासांवर येत नाही.

हे दिवस कुठे जातात हे आपल्याला ठाऊक आहे. दोन शनिवार-रविवार आणि मधले पाच कामाचे दिवस मिळून नऊ दिवस होतात, आणि नोकरदार माणसाच्या रजेचे हे माप आपल्या सगळ्या ट्रेकना लागू झाले आहे. पुणे-मुंबईहून बरशैणीला पोहोचायला आणि मुदहून स्पितीतल्याच काझा या मोठ्या गावामार्गे परत यायला जे दिवस लागतात ते त्यातून वजा केले तर हातात उरते ते या खिंडीला पुरणारे नाही, हे सगळ्यांनाच कळते. मग एखादा सोमवार, एखादी सुट्टी जोडली जाते आणि ट्रेक त्यात कोंबला जातो. हंप्ता किंवा तत्सम, चारेक हजार मीटरच्या पासला (खिंडीला) हे कसेबसे चालून जाते. पिन पार्वतीला चालत नाही, कारण इथे त्रास सुरू झालाच तर तो ज्या जागी होतो तिथून खाली यायलाही दिवस लागतात. मानतलाईला आजारी पडलेल्या माणसाला बरशैणीला आणायचे तर तीच सगळी वाट, तेच पांडुपुल, पाठीवर किंवा हातांवर माणूस घेऊन उलट चालावी लागते. मोबाइलला रेंज नसते. खिंड ओलांडल्यानंतर तर मागे फिरणे म्हणजे पुन्हा ५,३१९ मीटर चढणे, त्यामुळे तिथे ‘खाली आणू’ या शब्दांचा अर्थ पुढे मुदपर्यंत रेटणे एवढाच उरतो.

आपल्या सभासदांच्या तयारीबद्दल दोन शब्द. सह्याद्रीत घाम गाळलेला माणूस हिमालयात कमी पडत नाही, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते पायांबाबत खरे आहे. अलंग-मदन-कुलंगची चढाई किंवा उन्हाळ्यातली एखादी घाटवाट केलेल्याची मांडी आणि मन दोन्ही पक्के असतात. पण महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे आणि पिन पार्वतीचा ट्रेक त्याहून साडेपाचशे मीटर वर सुरू होतो. म्हणजे विरळ हवेत आपले शरीर कसे वागते याची परीक्षा घेणारा एकही डोंगर आपल्या राज्यात नाही. दर रविवारी पाठीवर वजन घेऊन सिंहगड चढणाऱ्याला उंची लागणार नाही, म्हणजे विरळ हवेचा त्रास होणार नाही, असा समज आपल्या गटांत इतका घट्ट आहे की निवडचाचणीही त्याच धाटणीची असते: अमुक वेळात अमुक किलोमीटर धावा. धावण्याने दमसास वाढतो. उंची सोसण्याची ताकद त्याने मिळत नाही. उलट जे धडधाकट असतात ते झपाझप पुढे जातात, कँपवर सर्वांआधी पोहोचतात आणि पुष्कळदा त्यांचेच डोके रात्री सर्वांत जास्त ठणकते.

ठणकणारे डोके कोणी सांगत नाही, ही दुसरी अडचण. शुल्क भरलेले असते, रजा मोठ्या मिनतवारीने मिळालेली असते, घरच्यांना आणि ऑफिसात सांगून झालेले असते, आणि लीडरने पहिल्याच दिवशी ‘आपली टीम शंभर टक्के पास करणार’ असे जाहीर केलेले असते. अशा वातावरणात भूक न लागणे, मळमळ, झोप न येणे या गोष्टी ‘थकवा’ या नावाखाली जातात. करोनानंतर प्रत्येक कँपवर ऑक्सिमीटर आला आहे आणि त्यावरचा आकडा गुणपत्रिकेसारखा वाचला जातो. पण थंड बोटांवर ते यंत्र कसेही आकडे दाखवते, आणि आकडा बरा असला तरी माणूस बरा असतोच असे नाही. मला जास्त भरवशाची वाटते ती जुनी साधी चाचणी. मानतलाईच्या काठावरच्या वाळूत काठीच्या टोकाने दोन-तीन मीटरची रेघ ओढावी आणि शंका असलेल्याला त्या रेघेवरून, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावत, चालायला सांगावे. ज्याचा तोल जातो, ज्याला हात पसरून सावरावे लागते, त्याच्या मेंदूवर सूज येत असण्याची शक्यता धरून त्याला त्याच दिवशी खाली न्यायचे असते. सकाळपर्यंत थांबायचे नसते. तसेच बसल्या जागी लागणारी धाप आणि आडवे झाल्यावर वाढणारा खोकला. ही फुप्फुसांत पाणी साठत असल्याची खूण असते आणि ती मध्यरात्री, तंबूच्या आत, शेजाऱ्याच्याच कानावर पडते. त्या शेजाऱ्याला याचा अर्थ कळावा एवढे शिक्षण पहिल्या दिवशी दिले जाते का, हे आपणच आठवून पाहावे.

गोळ्यांचा विषयही इथेच येतो. अ‍ॅसिटाझोलामाइडची अर्धी गोळी सकाळ-संध्याकाळ ‘सगळ्यांना कंपल्सरी’ असे काही गटांत सांगितले जाते. हे औषध उपयोगी आहे, शरीराची जुळवाजुळव ते खरोखर वेगवान करते. पण सल्फाची अ‍ॅलर्जी असलेल्याला ते धोक्याचे ठरू शकते आणि ते कोणी घ्यावे हे ट्रेक लीडरने नव्हे, डॉक्टरने ठरवायचे आहे. शिवाय गोळी दिली म्हणून एक मुक्काम गाळता येतो, असा त्याचा अर्थ कोणीही सांगितलेला नाही.

दिवस कमी करण्याचा सर्वांत मोठा भार मात्र आपले सभासद उचलत नाहीत. हिमनदीच्या पट्ट्यावरून खेचरे पलीकडे नेता येत नाहीत. तंबू, रॉकेल, गॅस, शिधा, भांडी असे सगळे ओझे माणसांच्या पाठीवरून खिंड ओलांडते. हे पोर्टर काही कुलूच्या गावांतले, बरेचसे नेपाळमधून हंगामासाठी आलेले असतात. ते डोंगरातले आहेत म्हणून त्यांना उंची लागत नाही, हा आपला सोयीचा समज आहे. महिनाभर खालच्या खोऱ्यात राहिलेला पोर्टर चार दिवसांत ४,९०० मीटरवर गेला तर त्याचेही डोके दुखते, फक्त तो बोलत नाही, कारण बोलला तर उरलेल्या दिवसांची मजुरी जाते. दोन मुक्कामांचे अंतर एका दिवसात चालायचे तर ते पाठीवर ओझे घेऊन तोच चालतो, आणि संध्याकाळी आपण पोहोचण्याआधी तंबू उभा असावा म्हणून आपल्यापुढे धावतोही तोच.

पिन खोऱ्याच्या बाजूला उतरताना नदीचे प्रवाह पायी ओलांडावे लागतात. हिमनदीचे पाणी सकाळी कमी असते आणि ऊन चढले की वाढत जाते, म्हणून ते लवकर ओलांडायचे, हे आपण सभासदांना बजावतो. वेळापत्रक आखडलेले असले की आदल्या दिवशीचा उशीर वसूल करता करता हीच ओलांडणी दुपारवर जाते. पाणी तोवर राखाडी झालेले असते, तळाचे गोटे दिसत नाहीत, फक्त त्यांच्या घरंगळण्याचा आवाज येतो. आपले लोक बूट गळ्यात अडकवून, जाड सँडल घालून, हातात हात धरून, दोराच्या आधाराने पार होतात. पंचवीस किलो घेऊन येणारा पोर्टर त्याच पाण्यात रबरी बुटांनिशी उतरतो आणि पलीकडे गेल्यावर तेच ओले मोजे पिळून पुन्हा चढवतो, कारण त्याच्याकडे दुसरी जोडी नसते. बर्फावर डोळ्यांना लागणारा काळा चष्मा, हातमोजे, झोपायला नीट पिशवी आणि विमा या चार गोष्टी आपल्या सभासदांच्या यादीत ठळक अक्षरांत असतात. पोर्टरच्या यादीत त्या आहेत का, आणि ‘ते लोकल एजन्सी बघते’ हे उत्तर आपल्याला पुरेसे वाटते का, असे मी विचारतो आहे. ओझ्याची ने-आण एजन्सीकडे सोपवता येते, जबाबदारी येत नाही.

यावर आपण खर्चाचा मुद्दा मांडाल आणि तो खरा आहे. दोन दिवस वाढवले की तेवढा शिधा वाढतो, शिध्याबरोबर इंधन, त्याच्याबरोबर पोर्टर, आणि त्या पोर्टरांच्या जेवणासाठी पुन्हा आणखी शिधा. दूर दूरच्या वाटांवर हा खर्च सरळ रेषेत वाढत नाही, त्याहून वेगाने वाढतो. शेजारच्या आयोजकाने चार हजारांनी स्वस्त ट्रेक काढला की आपली नोंदणी घटते. म्हणूनच हे पत्र एका संस्थेला लिहून भागत नाही. सगळ्यांनी मिळून किमान मुक्काम ठरवले तरच प्रामाणिक आयोजकाला त्याचा तोटा होणार नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले खरे, पण त्याची नजर मुख्यतः राज्यातल्या उपक्रमांवर आहे. पुण्यात नोंदणी, हिमाचलात ट्रेक अशा व्यवहारात नियम कोणाचा हा प्रश्न बहुतेक वेळा अपघातानंतरच विचारला जातो. आपसांतला संकेत त्याहून लवकर लागू होऊ शकतो.

राखीव दिवसाबद्दल तर चर्चेला जागाच नसावी. ऑक्टोबर २०२१ मध्ये हर्षिलहून चितकुलकडे जाणाऱ्या लमखागा खिंडीच्या परिसरात वादळाने अनेक ट्रेकर आणि त्यांच्या सोबतचे लोक गिळले. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल मार्गावर, मुख्यतः कर्नाटकातून आलेल्या २२ जणांच्या गटातले ९ जण हिमवादळात गारठून दगावले. त्या गटांच्या निर्णयांवर इथे बसून शेरे मारण्याचा मला अधिकार नाही. मात्र वादळात थांबून राहायचे तर हातात दिवस आणि डब्यात अन्न असावे लागते, आणि दोन्ही नसतील तर लीडर कितीही शहाणा असला तरी त्याच्यापुढे एकच पर्याय उरतो. परतीचे तिकीट काझाहून निघण्याच्या दुसऱ्याच दिवसाचे काढलेले असेल तर ‘आज खिंड नको’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणे किती कठीण होते, हे ज्यांनी लीडरकी केली आहे त्यांना सांगायला नको.

एक नवी टूम आणखी दिसते: ट्रेक उलट बाजूने, स्पितीतून सुरू करायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून काझाचा प्रवास सोपा झाला आहे, आणि वाटेत कुंझुम खिंड ओलांडून त्याच संध्याकाळी ३,६०० मीटरच्या वर झोपता येते. मुद गावच ३,८०० मीटरच्या आसपास आहे. ‘चढ कमी, दिवस कमी’ अशी याची जाहिरात होते. चढ कमी आहे हे बरोबर. पण पार्वतीच्या बाजूने चार-पाच रात्रींत शरीराला जे मिळते, ते इथे गाडीतून उतरताच मिळाले असे धरले जाते. उलट बाजूने जायचेच असेल तर काझा आणि मुद इथे मिळून किमान तीन रात्री काढल्याशिवाय निघू नये, असे माझे मत आहे. मग वाचलेले दिवस कुठले, हा प्रश्न जाहिरात लिहिणाऱ्याने स्वतःलाच विचारावा.

आपल्याकडे मागणे आहे ते जाहिरातीपासून सुरू होते. ‘दिवस तिसरा : पंधरा किलोमीटर, मध्यम’ असे लिहिण्याऐवजी प्रत्येक रात्री झोपण्याची उंची मीटरमध्ये छापावी आणि तिच्यापुढे आदल्या रात्रीपेक्षा किती वाढ झाली तो आकडा द्यावा. ३,००० मीटरच्या वर ज्या ट्रेकमध्ये पाचशेहून मोठी उडी आहे, तिथे तिच्याआधीची विश्रांतीची रात्र कोणती हेही लिहावे. मानतलाईची जास्तीची रात्र आणि खिंडीसाठी एक राखीव दिवस हे ‘हवामानानुसार’ या शब्दाआड न ठेवता शुल्कात धरावेत. खिंड न ओलांडता परत फिरणे हा ट्रेकचा शेवट असू शकतो आणि तो निर्णय लीडरचा एकट्याचा राहील, पैशांचा किंवा गटातल्या बहुमताचा नाही, हे नोंदणीच्या अर्जावर सही घेताना वाचून दाखवावे. आणि सभासदाच्या सामानाच्या यादीशेजारी पोर्टरच्या सामानाची यादी छापावी. दोन्ही एकमेकींच्या बाजूला आल्या की फरक नोंदणी करणाऱ्यालाच दिसेल, आणि पुढच्या बैठकीत तो विचारेल.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या तुकड्यांची नोंदणी बऱ्याच संस्था उन्हाळ्यातच सुरू करतात. तोवर पिन पार्वतीपुरते तरी एक सामाईक किमान वेळापत्रक ठरवण्यासाठी आपल्यापैकी कोणी बैठक बोलावणार असेल, तर यायला आणि मुक्काम-उंचीचा तक्ता मांडायला मी तयार आहे.

आपला नम्र,
हिमालयात चालणारा, महाराष्ट्रातल्या एका ट्रेकिंग क्लबचा सभासद